त्या टेम्पोवाल्याचं काय?

"त्या टेम्पोवाल्याले काढा पिक्चरमधून," आमचे निर्माते वानखडे साहेब म्हणाले आणि त्यांनी दह्यातला गिला वडा तोंडात टाकला.

माझा हात माऊसवरच राहिला. समोर स्क्रीनवर तोच टेम्पोवाला होता, झेंडूच्या क्रेटवर बसून हसत असलेला. मी त्याला नेमका तिथेच थांबवला होता.

"काढा म्हणजे? एखादा सीन?"

"अख्खा. दोघांची लव्हस्टोरी राहू द्या. सरळ, सोपी. लोकाइच्या डोक्याले ताप नाई."

"साहेब, लव्ह ट्रँगल आहे. त्याला तीन माणसं लागतात."

"मंग दोघाइचा करा," साहेब म्हणाले आणि कागदाला हात पुसून उठले. "आठ दिवस आहेत तुमच्याकडे. मले काय हौस आली का, ज्योतीताई? अकोल्याचा शो तुमी बी पाह्यला ना."

पाहिला होता.

मी एडिटर आहे. शूटिंगवाले जे महिनाभर गोळा करून आणतात, त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कशानंतर काय लावायचं, हे ठरवायचं काम माझं. सिनेमाकडे मी उशिरा आले. त्याआधी वीस वर्षं अमरावतीत लग्नाची मिक्सिंग केली. लग्नाच्या व्हिडिओच्या एडिटिंगला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. त्या धंद्याचा एकच मोठा नियम आहे. लग्नाला आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी व्हिडिओत दिसला पाहिजे. भलेही पंगतीत बुंदी खाताना दिसो, पण दिसला पाहिजे. मोठ्या मामांचा फेटा एवढाच दिसला, तोंड दिसलं नाही, म्हणून दोन घरांची बोलचाल बंद झालेली मी पाहिली आहे. त्यामुळे अख्ख्या माणसाला काढा म्हटलं की मला आधी त्याच्या घरचे लोक आठवतात.

पिक्चरचं नाव सांगत नाही. साहेबांना ते आवडणार नाही. गोष्ट अशी. शालू नावाची मुलगी अमरावतीत फुलांच्या डेकोरेशनचं दुकान चालवते. गजू हा टेम्पोवाला आठ वर्षांपासून रोज पहाटे तिच्याकडे फुलं पोचवतो. तिच्यावर जीव आहे, पण तोंड उघडत नाही. मग पुण्याहून निखिल परत येतो, शालूच्या प्रेमात पडतो आणि चिठ्ठ्या पोचवायचं काम नेमकं गजूलाच सांगतो. गजू पोचवतो. निखिलला प्रेमाचं असं काही लिहिता येत नाही, म्हणून त्या चिठ्ठ्या लिहितोही गजूच. शालू प्रेमात पडते ती चिठ्ठ्या वाचून. आता ती कोणाच्या प्रेमात पडली, हे तिलाही कळत नाही, निखिललाही कळत नाही आणि दोन तास आपण हसतो. शेवटी लग्न निखिलशी होतं, आणि फुलं आणतो गजू.

कागदावर हे गोड होतं. अकोल्याच्या शोला कडू झालं.

रिलीजच्या आधी थोडे लोक जमवून पिक्चर दाखवतात आणि लोक कुठे हसतात, कुठे खुर्चीत हलतात ते आम्ही अंधारात बसून पाहतो. अकोल्यात तसे पन्नासेक लोक बोलावले होते. दोन तास हॉल नुसता हसत होता. शेवटी शालूनं निखिलला हार घातला आणि हॉल गार पडला. टाळी नाही, शिट्टी नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई भाजीच्या पिशवीसकट आली होती. पिशवीतून मेथी डोकावत होती. दिवे लागले तशी ती मागे वळून कोणालाच उद्देशून नाही असं, पण खणखणीत आवाजात बोलली, "अन् त्या टेम्पोवाल्याचं काय?"

तिथे आमचा सगळा कारभार उघडा पडला.

आता हा टेम्पोवाला कोण, ते सांगते. रफिकभाई, अचलपूरचे लेडीज-जेंट्स टेलर, वय चाळिशीच्या पुढे. नट नाहीतच ते. हिरोची शेरवानी खांद्यात सैल होती म्हणून त्यांना सेटवर बोलावलं होतं. तोंडात टाचण्या धरून ते हिरोला सरळ उभं राहायला सांगत होते. त्याच सकाळी गजूचं काम करणारा नट आजारी पडल्याचा फोन आला. आमची डायरेक्टर अश्विनी, अकोल्याची पोरगी, पहिलाच पिक्चर तिचा, ती रफिकभाईंकडे पाहतच राहिली. म्हणाली, "हाच माझा गजू."

रफिकभाईंनी महिनाभर शूटिंग केलं. तेही ऐन लगनसराईत, टेलरला श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा. दुकान त्यांच्या बायकोनं, शबाना भाभींनी, एकटीनं ओढलं. कापायला ती, शिवायला ती, गिऱ्हाइकांच्या शिव्या खायला पण तीच. तेव्हापासून घरात त्यांना "हिरो" अशी हाक होती. "हिरो, दूध लाओ." बाकी बोलणं नाही.

मी कामाला लागले. टेम्पोवाल्याला काढणं म्हणजे त्याचे सीन उडवणं एवढंच नसतं. शालू हसते ती त्याच्याकडे पाहून. त्याला काढलं, तर ती कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहून हसते. निखिल चिठ्ठी देतो तो त्याच्या हातात. हात काढला तर चिठ्ठी हवेत जाते. चार दिवस मी एकेक शिवण उसवत बसले. पाचव्या दिवशी दोघांचा पिक्चर तयार झाला. सुरळीत, स्वच्छ. बघवत नव्हता. दवाखान्यातल्या जेवणासारखा. तब्येतीला चांगला, पण जीभ म्हणते नको.

मी अश्विनीला फोन केला. "रिशूट होईल का? एक सीन? गजूचा शेवट नीट करू."

"ताई, हिरोनं नव्या रोलसाठी टक्कल केलंय. हिरोइन मुंबईत सिरियलमध्ये अडकली. मंगल कार्यालय मिळत नाही. अन् गजूचा शेवट आहे ना माझा? तो भाषणाचा सीन?"

होता ना. लग्नमंडपात गजू एकटाच खांबाला धरून दोन पानी भाषण करतो, प्रेम म्हणजे त्याग वगैरे. रफिकभाई बिचारे पाठ करून करून घामेघूम झाले होते. साध्या बोलण्यात सोन्यासारखा माणूस, पण त्या सीनमध्ये शाळेच्या गॅदरिंगला उभा राहिल्यासारखा वाटायचा. अकोल्यात त्या भाषणालाच लोकांनी कंटाळून मोबाइल काढले होते. पण अश्विनीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं. त्याला हात लावला की तिचे डोळे भरायचे.

त्याच दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. रफिकभाई. अचलपूरहून एसटीनं आलेले, काखेत पुडकं.

मी घाईघाईनं मॉनिटर बंद केला. तिथे त्यांच्याविनाच पिक्चर चालू होता.

"मॅडम, पिछले टाइम डबिंग को आया था ना, आपकी कुर्सी की सीट फटी दिखी. नाप अंदाज से लिया." पुडक्यातून त्यांनी खुर्चीचं कव्हर काढलं. चॉकलेटी रंगाचं, कडेला बारीक पायपिंग. स्वतःच वाकून बसवलं. एक सुरकुती नाही.

"कायले त्रास घेतला, रफिकभाई?"

"त्रास कायका? दुकान में शबाना बैठती अब. मेरेकू कैंची को हाथ नहीं लगाने देती. बोलती, हिरो लोगां का हाथ खराब होता." ते हसले. मग हसू मावळलं. "मॅडम, एक बात पूछू? वो बोली, पिक्चर लगने दो, मैं खुद आके देखूंगी. देखूंगी किस चीज के वास्ते तुमने मेरेकू सीजन में अकेला छोड़ा. बीस साल में मेरे साथ एक पिक्चर को नहीं आई वो. अब आती बोल रही. तो... मेरा काम कट तो नहीं हुआ ना?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"साहेब म्हणतात लांबी जास्त झाली."

त्यांनी बंद मॉनिटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. समजले. टेलरच तो, मापात काय बसत नाही हे त्याला सांगावं लागत नाही.

"कपड़ा लंबा है तो अंदर मोड़ लेते, मॅडम," ते हळूच म्हणाले. "काटते नहीं. एक बार कटा सो गया." आणि पाणी न पिताच उठले. दारात वळून म्हणाले, "आप टेन्शन मत लो. मैं शबाना को कुछ भी बोल देता. मशीन बिगड़ गई बोलता."

ते गेल्यावर मी त्यांनीच शिवलेल्या कव्हरवर बसून त्यांना कापत होते. मला माझाच राग आला. इतका आला की घरी जाऊन मी नवऱ्याशी कारण नसताना भांडले. पण आठ दिवसांतले पाच गेले होते आणि काम तर पुरं करायचं होतं.

आता इथे थोडं तांत्रिक. डायलॉग कापला की त्या जागी आवाजात भोक पडतं. कारण पूर्ण शांतता अशी कुठे नसतेच. मंगल कार्यालय रिकामं असलं तरी त्याचा एक आवाज असतो. लांबची मोटरसायकल, पत्र्याची कुरकुर, माणसांचे श्वास. म्हणून प्रत्येक जागेचं शूटिंग संपलं की साउंडवाला ओरडतो, "रूम टोन!" मग सगळ्यांनी आहे तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं. अर्धा-पाऊण मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतात. पुढे तिचं ठिगळ लावता येतं. कॅमेरे त्या वेळी बंद असतात. पाहण्यासारखं काही नसतंच.

लग्नाच्या सीनमधून रफिकभाईंचं बोलणं काढल्यावर मला भातकुली रोडवरच्या त्या कार्यालयाचा रूम टोन लागला. आवाजाची फाइल सापडली. ती नेमकी कोणत्या शॉटनंतरची हे पाहायला मी रेकॉर्डिंगची वेळ टाकून व्हिडिओ शोधला. मोठ्या कॅमेऱ्याचा नव्हता. असणारच नव्हता. पण दुसऱ्या कॅमेऱ्याचा होता.

दुसरा कॅमेरा म्हणजे दिगूभाऊ. अकोल्याचे लग्नाचे शूटिंगवाले, माझी जुनी ओळख. लग्नाचा सीन खऱ्या लग्नासारखा दिसावा म्हणून दोन दिवस त्यांना माझ्याच सांगण्यावरून बोलावलं होतं. माणूस कामसू, पण एक खोड. कॅमेरा बंद करत नाहीत. मिक्सिंगच्या दिवसांत यावरून आमची इतकी भांडणं झाली आहेत की विचारू नका. एकदा त्यांनी मला पाऊण तास चपलांचं शूटिंग आणून दिलं होतं. कॅमेरा काखेत, बटण चालू, आणि हे जेवायला.

तर मी तो व्हिडिओ लावला.

मंडपात सगळे पुतळे. हिरो नाक खाजवावं की नाही या विचारात. हिरोइन नववधूच्या शालूत, खाली पाहत. तिच्या मागे रफिकभाई, गजूच्या निळ्या शर्टात, हातात फुलांची टोपली. दहा सेकंद काही नाही.

मग रफिकभाईंची नजर एका जागी अडकली. हिरोइनच्या ब्लाउजच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. लाल. वीतभर नसेल, पण टेलरला तो दोरखंडासारखा दिसत असणार. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बोलायची सोय नाही, रूम टोन चालू. टोपली अलगद खाली ठेवली. खिशातून दोरे कापायची छोटी कैची काढली. दोन पावलं टाकली, मांजरीच्या चालीनं. दंडाला बोटाचाही स्पर्श न करता दोरा चिमटीत धरला आणि कापला.

हिरोइन दचकली. वळून पाहिलं. त्यांनी तिला दोरा दाखवला. तिला हसूही येत होतं आणि आवाज तर करायचा नव्हता. ते हसू तिनं सगळं डोळ्यांत कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. रफिकभाईंनी तो दोरा खाली टाकला नाही. घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. मग त्याच ओघात हिरोची शेरवानी खांद्यावर सरळ केली, एकदा हलकंच थोपटलं, टोपली उचलली आणि मागे जाऊन उभे राहिले.

बस. एवढंच.

मी रडले. उगाच कशाला लपवू? आठ वर्षं जिच्यावर जीव लावला तिच्या लग्नात तो माणूस तिच्या बाहीचा दोरा कापतो आणि खिशात ठेवतो. नवऱ्याचा खांदा नीट करून देतो. त्या दोन पानी भाषणात जे सांगता आलं नाही ते इथे एका शब्दाविना झालं होतं. आणि करणाऱ्याला पत्ताच नव्हता की तो काही करतोय. तो शिवणकाम करत होता.

मी दिगूभाऊंना फोन लावला.

"दिगूभाऊ, भातकुली रोडच्या शूटिंगले साउंडवाल्यानं रूम टोन सांगितला होता. तुमी कॅमेरा बंद काहून नाई केला?"

तिकडून, "राह्यला असंन चालू. कार्ड भरलं का? शिव्या देऊन राह्यल्या का?"

"नाही हो. सांगा ना, काहून नाही केला?"

"कट म्हटलं होतं खरं त्यायनं. पण ताई, लग्नात कट कोण म्हणते? भटजी म्हणते का? आपण बटण दाबाले गेलो की तेवढ्यात नवरीच्या बापाले रडू फुटते. मंग तो शॉट कुठून आनू? मी बंद करतच नाई."

"बरं करता."

"काय?"

"काही नाही. जेवा," म्हटलं आणि फोन ठेवला. पंचवीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बरं म्हटलं होतं. ते घाबरलेच असतील.

काम सोपं नव्हतं. दिगूभाऊंच्या चित्राचा रंग वेगळा, तो जुळवावा लागला. डावीकडे लाइटचा स्टँड दिसत होता, फ्रेम थोडी आत ओढून त्याला बाहेर काढला. शेवटी हिरो दात काढून कॅमेऱ्याकडे पाहतो, त्याच्या आधीच तोडलं. वर आवाज ठेवला तोच, रूम टोनचा. संगीत नाही. मग पाच दिवसांत जे जे उसवलं होतं ते सगळं परत शिवलं. चिठ्ठ्या परत गजूच्या हातात आल्या आणि शालू परत माणसाकडे पाहून हसायला लागली.

अश्विनी आली तेव्हा मी आधीच सांगितलं, "तुझं भाषण गेलं."

"ताई, असं नाई चालत," तिचा आवाज चढला. "तो माझा सीन आहे. सहा महिने लिहिला मी."

"आधी पाह्य. मंग माझं डोकं फोड."

तिनं पाहिलं. एकदा. परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर तिनं खुर्ची मागे सरकवली. मग नाक ओढत म्हणाली, "मी त्याले दोन पानं कायले बोलायला लावलं हो?"

उरले वानखडे साहेब. आणि लांबी. पिक्चर अडीच तासांवर गेलेला. वितरकाला दोन तास दहा मिनिटं पाहिजे होती. टेम्पोवाला ठेवायचा तर दुसरीकडून कापणं आलं. सेमाडोहच्या जंगलातलं गाणं निम्मं केलं. भाषण गेलं. बाकी इकडून तिकडून चिमूट चिमूट. तरी चार मिनिटं उरत होती. ती कुठे होती ते मला माहीत होतं. फक्त छाती होत नव्हती.

साहेबांनी पिक्चर पाहिला. दोऱ्याच्या शॉटला त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. संपल्यावर म्हणाले, "झकास. राहू द्या टेम्पोवाल्याले." मग एकदम सरळ बसले. "ज्योतीताई, माह्यं भाषण कुठं गेलं?"

शालूच्या मामाचं काम साहेबांनी स्वतः केलं होतं. लग्नात माईक घेऊन चार मिनिटांचं भाषण, त्यात तीन वेळा स्वतःच्या गावाचं नाव.

"लांबी बसत नव्हती, साहेब."

"म्हंजे टेम्पोवाल्याच्या जागी मले काढलं?"

"काढलं कुठे? पंगतीत आहात ना. वरण वाढून घेताना. स्वच्छ दिसता."

"तीन सेकंद!"

"लग्नाले आला तो माणूस दिसला पाहिजे, एवढा नियम आहे आमचा. किती वेळ, हे नियमात नाही."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, संपलं. पण ते अमरावतीचे, राग नाकावर आणि हसू त्याच्या मागेच उभं. खो-खो हसले. "माह्या बायकोले तुमीच सांगजा," म्हणाले. "तिनं साऱ्या माहेराले बोलावलं हाय." त्या बाईंशी मी अजून समोरासमोर आलेले नाही.

अकोल्यात परत शो केला. मेथीवाल्या बाईंना शोधून आणायला सांगितलं होतं. या वेळी पिशवीत वांगी होती. शेवट आला. दोरा कापला, खिशात गेला. हॉल गार पडला, पण या वेळचं गार वेगळं होतं. कोणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या. दिवे लागल्यावर मी त्या बाईंच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"टेम्पोवाल्याचं काय?" मीच विचारलं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "सुटला तो," म्हणाल्या. "सुटला बिचारा."

पिक्चर लागला त्या दिवशी दुपारच्या शोला मी अचलपूरशेजारच्या परतवाड्याला गेले. कामाचा भाग नव्हता. मला शबाना भाभींचं तोंड पाहायचं होतं. रफिकभाईंनी अख्खी गल्ली आणली होती. भाभी नवीन हिरवा ड्रेस घालून, चेहरा जराही न हलवता, माझ्या आणि रफिकभाईंच्या मधे बसल्या. दोन तास रफिकभाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. बायकोकडे पाहत होते. ती हसली की यांच्या जिवात जीव.

दोऱ्याचा शॉट आला. भाभी पुढे सरकल्या. ओढणी तोंडाशी गेली. थिएटरात सुई पडली तरी ऐकू आली असती. माझं मन इतकं भरून आलं की तोंडाला कुलूप राहिलं नाही. चूक इथेच झाली. मी त्यांच्या कानाशी लागले.

"भाभी, ही ॲक्टिंग नाही बरं का. कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मनानं केलं त्यांनी."

भाभी हळूच माझ्याकडे वळल्या. "मनानं?"

"हो ना!"

"म्हंजे शूटिंग बंद होती?"

"बंदच की."

पिक्चर संपला. गल्लीतल्या लोकांनी रफिकभाईंना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. आम्ही बाहेर उन्हात आलो. भाभी त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"उस लड़की का धागा जेब में काहेको रखा?"

रफिकभाईंचा हात हवेतच राहिला. "अरे, वो तो पिक्चर में..."

"पिक्चर में नहीं. मॅडम बोली, कॅमेरा बंद था. मन से किया बोली."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षा स्टँडकडे पाहिलं. दोन तासांचा ट्रँगल मी आठ दिवस राबून सोडवला होता आणि एका वाक्यात नवा तयार केला होता.

"शबाना, आदत है वो," रफिकभाई काकुळतीला आले. "धागा दिखा तो कटता, हाथ रुकता नहीं. नीचे कैसा फेंकता? गिऱ्हाइक के घर में धागे नहीं फेंकते. बीस साल से देख रही तू."

"बीस साल से धो रही मैं," भाभी म्हणाल्या. "हर कुर्ते की जेब में धागे. मशीन में फसते. कित्ती बार बोली, जेब झाड़ के डालो." आणि बोलता बोलता त्यांनी पुढे होऊन दोन बोटं रफिकभाईंच्या खिशात घातली, नेहमीच्या सवयीनं, धुण्याआधी खिसा तपासावा तशी.

बोटांत दोरा आला. हिरवा.

भाभींनी तो उन्हात धरला. मग स्वतःच्या ड्रेसच्या बाहीकडे पाहिलं. हिरवीच.

"ये कब काटा?"

"सुबह. तू ताला लगा रही थी तब." रफिकभाई जमिनीकडे पाहून म्हणाले. "ईद को भी काटता. शादी में जाते तब भी. तू आगे चलती ना, तेरेकू मालूम नहीं पड़ता."

लोक आजूबाजूनं सरबत पीत होते, फोटो काढत होते. भाभींनी तो दोरा बोटावर गुंडाळला, नीट घडी केली आणि जिथून काढला होता तिथेच परत ठेवला. वरून खिसा थोपटला.

"चलो, रफिक," त्या म्हणाल्या. "दुकान खोलना है. तुम कटिंग को बैठो, मैं काज-बटन लगाती."

हिरो म्हणाल्या नाहीत. कैचीही परत मिळाली. रफिकभाईंनी जाता जाता मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि लांबूनच हात जोडले, म्हणजे आभार मानले की आता तोंड उघडू नका म्हणून सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता माझ्याकडे एडिटिंग शिकायला येणारे विचारतात, ताई, या कामातलं मोठं काय शिकलात? मी दोन गोष्टी सांगते. एक, दिगूभाऊंचं कार्ड शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पुसायचं नाही, चपला असल्या तरी. दोन, कोणता शॉट अभिनय आहे आणि कोणता नाही, हे नटाच्या बायकोला कधीही सांगायचं नाही. ते तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.